उंबऱ्यावरचा दोर

मित्रांनो, मला हात लावायला भिऊ नका. मी काथ्याचा जुना दोर आहे, दुसरं तिसरं काही नाही. अंग खरखरीत, रंग काळपट, जाडी तुमच्या अंगठ्यापेक्षा थोडी जास्त. उजेडात मला कुणीही ओळखेल. काळोखात मात्र मला पाहून भली भली माणसं किंचाळली आहेत, आणि त्याचा मला कधी राग आला नाही. राग येतो तो एका संध्याकाळचा. त्या संध्याकाळी माझ्या धन्याने, महादूने, नुसती एक किंकाळी फोडली असती तरी तो वाचला असता. पण तो गप्प बसला. तो का गप्प बसला, तेवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म सांगतो, म्हणजे तुमची भीड चेपेल. कर्लीच्या खाडीत, चिखलात, नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, पुरून ठेवतात. आठ-दहा महिने ती खाऱ्या पाण्यात कुजली की उपसायची. तेव्हा असा काही वास सुटतो की वाटसरू नाकाला पंचा लावून पळतो. दोर वळणाऱ्या काशीबाईला त्या वासाचं काही वाटत नसे. तिने मला लाकडी दांड्याने बडव बडव बडवलं, उन्हात वाळवलं, पिंजलं आणि तीन पदरांत वळलं. शेवटचा पीळ घालताना ती म्हणाली, "होडी जायत, पण ह्यो दोर तुटूचो नाय." स्वतःच्या कामाबद्दल बाई फुशारकी मारत नव्हती. खरंच मी आजवर तुटलेलो नाही.

मी महादूच्या होडीवर आलो तेव्हा देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. महादू तारकर्लीच्या समोरच्या काठावर राहायचा आणि तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवायचा. माणसं, भाताची पोती, आंब्याच्या पेट्या, नवरी-नवरे, सगळं त्याच्या होडीतून या काठावरून त्या काठाला जायचं. ओहोटीला खाडीचं पाणी समुद्राकडे असं ओढ घेतं की नवख्याची छाती दडपते. महादू त्या ओढीत उभा राहून वल्हं मारायचा आणि वर गप्पाही मारायचा. संध्याकाळी होडी बांधून झाली की माझा उरलेला भाग तो तळहातापासून कोपरापर्यंत गुंडाळायचा. रोज, न चुकता. माझा एकेक पीळ त्याच्या हाताला पाठ होता.

त्या गावात भिकाजी मास्तर होते. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि गावाच्या टोकाला त्यांनी एक मठी बांधली. जांभ्याच्या तीन पायऱ्या, वर कौलं, आत शेणाने सारवलेली जमीन, मागे लागूनच त्यांचं राहतं घर. मूर्ती नाही. एका चौरंगावर पोथी आणि शेजारी समई. रोज तिन्हीसांजेला तिथे टाळ वाजायचे, भजन व्हायचं आणि मग मास्तर निरूपण करायचे. आधीच सांगून ठेवतो, मास्तर वाईट माणूस नव्हते. विद्वान होते, प्रेमळ होते, कुणाच्या पैशाला शिवत नव्हते. त्यांचं सांगणं एकच असे. जग आणि देव दोन नाहीत. देव आणि भक्त दोन नाहीत. आपल्याला दुसरं म्हणून जे दिसतं तो भास आहे, आणि सगळी भीती त्या दुसऱ्यापायी आहे.

महादूला ते फार आवडायचं. एकदा त्याने विचारलं, "मास्तरानू, एकच आसा तर मग भजन कोणाचा करूचा?"

मास्तर खूश झाले. "अरे, तू खाडीवरचा माणूस. लाट समुद्राहून वेगळी असते का? नसते. तरी ती त्याच्या अंगाखांद्यावर खेळते की नाही? एक असून लाड करून घ्यायचे, हीच भक्ती." दुसऱ्या दिवशी महादू वल्हं मारता मारता प्रत्येक उतारूला हेच सांगत होता. मी होडीत पडून ऐकत होतो. इतका सुखी मी त्याला पुन्हा कधी पाहिला नाही.

आता माझी पाळी कशी आली ते ऐका. एका दुपारी मास्तर खाडीवर आले. महादू जेवायला घरी गेला होता. त्यांनी मला होडीतून उचललं, उपरण्याखाली लपवलं आणि मठीत नेलं. तिन्हीसांजेला, समई लावायच्या आधी, मला वरच्या पायरीवर, उंबऱ्यालगत, वेटोळं करून ठेवलं. माझं एक टोक मुद्दाम जरा वर उचलून ठेवलं. मला काही ते बरं वाटलं नाही, पण दोराला विचारतो कोण.

महादू आला. पाय टाकला, खाली बघितलं, आणि "साप, साप" म्हणून असा उडाला की त्याचं डोकं खांबावर आपटलं आणि टोपी अंगणात जाऊन पडली. मास्तर समई घेऊन बाहेर आले.

"महादू, हा कोण?"

महादू वाकला. "दोर."

"कुणाचा?"

त्याने मला हातात घेतलं. पीळ ओळखला. मान खाली घालून म्हणाला, "माझो."

मग जे हसणं उसळलं ते विचारू नका. धोंडू सुतार तर खांबाला धरून हसत होता. आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते मास्तर. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "स्वतःचा दोर, रोज हाताने गुंडाळतो, आणि त्यालाच साप म्हणाला. असंच आहे आपलं. साप कधी नव्हताच. ज्याला हे कळलं तो भिणार कुणाला?"

हसली नाही ती एक रुक्मिणीबाई, मास्तरांची बायको. ती दारात उभी होती. ती म्हणाली, "सगळ्यांत एकच आसा म्हणतास, आणि भिणाऱ्याक हसतास?"

"अगो, हसतो आहे तोही तोच," मास्तर म्हणाले. यावर लोक आणखी हसले. रुक्मिणीबाई आत गेली. बोलण्यात मास्तरांना कुणी हरवू शकत नसे.

महादूही हसला. हसावंच लागलं त्याला. पण ती गोष्ट दुसऱ्या दिवशी होडीत आली आणि तिथून दोन्ही काठांवर गेली. बाजाराला जाणाऱ्या बायकासुद्धा पदराआडून म्हणायच्या, "महाद्या, बघून बांध हां, दोर चावतलो." तो वरकरणी हसून न्यायचा, पण वल्ह्यावरची त्याची मूठ कशी आवळायची ते मला दिसायचं. आता गप्पाही कमी झाल्या होत्या. खाडीला न भिणारा माणूस दोराला भ्यायला, हा डाग त्याला पुसून काढायचा होता.

मास्तरांना मात्र धडा फार पसंत पडला. त्यांनी त्याचा नेमच केला. मला मठीत ठेवून घेतलं आणि महादूने दुसरा दोर घेतला. रोज तिन्हीसांजेला मला वरच्या पायरीवर ठेवायचं. येणाऱ्याने अनवाणी माझ्यावर पाय देऊन आत यायचं. खाली बघायचं नाही, उडी मारायची नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. सगळे येऊन बसले की मगच समई लावायची. लोक याला 'दोराचो नेम' म्हणू लागले आणि परगावच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगू लागले. मित्रांनो, एखाद्याला मान मिळाला की तो फुगतो. मीही फुगलो होतो. चंदनाच्या पादुका असाव्यात तसं मला कुणी कुणी नमस्कारही करायचं.

पण तळवे माझ्या अंगावर पडायचे, आणि तळव्यांचं मला कळायचं. धोंडूचा पाय बेफिकीर. मास्तरांचा हलका. महादूचा पाय पहिल्या दिवशी थरथरत होता. वर्षभरात थरथर थांबली. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "महादू आता तयार झाला." त्याच्या तळव्याला सुटणारा घाम मात्र कधी थांबला नाही. हे मला एकट्याला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

रुक्मिणीबाई रोज एकच गोष्ट बोलायची. पायऱ्यांशेजारी भिंतीला लागून पेंढ्याची उडवी होती. ती म्हणायची, "पेंढ्यात उंदीर झालेत. उंदरामागसून कोण येता, ठावक आसा मां? तिन्हीसांजेक दारात कंदील ठेवूया."

"कंदील ठेवला तर नेमात राहिलं काय?" मास्तर म्हणायचे.

एकदा धोंडूला उडवीत कात सापडली. चांगली हातभर लांब, जाड खवल्यांची. त्याने ती मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "टाकून गेला ना? मग गेला." धोंडूने ती कात कुंपणापलीकडे फेकली. त्या रात्री मला माझ्या वेटोळ्यात स्वस्थ वाटलं नाही. ज्याच्या नावाने माणसं मला भीत होती तो खरोखरच जवळपास कुठेतरी राहत होता.

१९५८ सालचा दसरा होऊन आठ दिवस झाले होते. भातकापणी चालू होती. नवा पेंढा येऊन उडवी पायऱ्यांपर्यंत सरकली होती. त्या दिवशी मास्तरांनी सवयीप्रमाणे मला पायरीवर ठेवलं आणि ते आत टाळकऱ्यांत जाऊन बसले. एवढ्यात विहिरीचा दोर तुटला. घरात पाण्याचा थेंब नव्हता. रुक्मिणीबाई आली, पायरीवरून मला उचललं आणि विहिरीवर नेलं. दोन कळशा काढायच्या आणि परत आणून ठेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. यात तिची काय चूक?

मी रहाटावर चढलो. विहिरीपासून मठीची पायरी वीसेक पावलांवर असेल. उजेड विटत चालला होता. दिवसभर तापलेला जांभा संध्याकाळी ऊबदार असतो. उडवीतून काहीतरी सावकाश बाहेर आलं, वरच्या पायरीवर चढलं आणि माझ्या जागेवर वेटोळं करून बसलं. घोणस होती. तिची जाडी माझ्यापेक्षा जास्त, पण त्या उजेडात कोण बघतो? रोज तिथे काहीतरी वेटोळं असतंच.

रुक्मिणीबाईची पाठ पायरीकडे होती. ती कळशी ओढत होती. मी रहाटावरून करकरलो. जेवढं करकरता येईल तेवढं करकरलो. ती म्हणाली, "रहाटाक तेल व्हया," आणि कळशी उतरवून घेतली.

महादू आला. दिवसभर खाडीत उभा राहून आला होता, पाय अजून ओले होते. आत टाळांचा गजर चालला होता. नेमाप्रमाणे त्याने मान वर ठेवली आणि पाय टाकला. घोणशीने फूत्कार टाकला असेल, पण टाळांत तो बुडाला. क्षणभर महादू जागच्या जागी थबकला. मग त्याने खाली पाहिलं. तोवर ती उडवीत शिरली होती. पायरी मोकळी होती. तो तिथे उभा होता, एक हात खांबावर. मी मनात म्हणत होतो, ओरड, महादू. बाबा, ओरड. खांबावरचा हात त्याने काढून घेतला आणि तो आत गेला.

मग रुक्मिणीबाईने पाणी मागच्या दाराने स्वयंपाकघरात नेलं. मला खुंटीला अडकवलं. चूल पेटवली, भाताचं आधण ठेवलं. पुढच्या खोलीतून मास्तरांचा आवाज ऐकू येत होता. निरूपण रंगलं होतं. बराच वेळ गेला. मग तिला माझी आठवण झाली. मला खांद्यावर टाकून ती मधल्या दारात आली.

समई लागलेली होती. महादू कोपऱ्यात बसला होता. पायांवर पंचा ओढलेला, कपाळावर घामाच्या धारा, दात घट्ट आवळलेले. मास्तर त्याच्याकडे बोट दाखवून सांगत होते, "बघा कसा स्थिर बसला आहे. दोन वर्षांपूर्वी हाच दोराला बघून खांबावर आपटला होता. आज दोरावर पाय दिला आणि चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. याला म्हणतात मुरणं."

रुक्मिणीबाई म्हणाली, "खंयच्या दोरार पाय दिल्यान तेना?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"दोर तर माझ्याकडे आसा," ती म्हणाली. "पाणी काढूक नेललंय मी."

मास्तरांनी समई उचलली. ते कोपऱ्यात गेले, वाकले आणि महादूच्या पायांवरचा पंचा बाजूला केला. घोट्याच्या वर दोन टोचे होते आणि पाय पोटरीपर्यंत सुजून काळानिळा झाला होता.

धोंडूने मला ओढून घेतलं आणि महादूच्या मांडीला करकचून आवळलं. तेव्हा तसंच करत. चौघांनी त्याला उचलून त्याच्याच होडीत घातलं. धोंडू वल्हं मारत होता आणि रडत होता. "मेल्या, सांगूचा नाय? अर्धो तास नुसतो बसलंस?"

महादूची जीभ जड झाली होती. तो म्हणाला, "काय तरी टोचला. खाली बघलंय तर काय नाय. माका वाटला, माझा मनच माका परत फसयता." मास्तर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हे त्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. पलीकडे गाडी जोडून मालवणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. डॉक्टरने इंजेक्शन दिलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने कुणाला दोष दिला नाही. फक्त म्हणाला की चावल्याबरोबर आणला असतात तर मी काही करू शकलो असतो. उजाडायच्या आत महादू गेला.

माझं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. नेम बंद झाला. मठीही बंद झाल्यासारखीच झाली. ज्यांनी मला नमस्कार केले होते तेच म्हणू लागले की हा दोर अपशकुनी आहे, याने माणूस खाल्ला. मला माळ्यावर टाकलं. तिथे उंदरांनी माझी टोकं कुरतडली. पेंढ्याची उडवी मास्तरांनी स्वतः हलवली. ते पोथी उघडत, पण वाचत नसत. तिन्हीसांज झाली की वरच्या पायरीवर येऊन बसत आणि वाटेकडे बघत. ते कुणाची वाट बघत होते हे रुक्मिणीबाईला ठाऊक होतं. महादूची बायको तुळसा अजून मठीत आली नव्हती. नवऱ्यामागे होडी तीच चालवत होती. मास्तरांना पलीकडे जायचं असलं की ते दोन कोस वळसा घालून जात, पण तिच्या होडीत पाय ठेवत नसत. अशी सहा वर्षं गेली.

१९६४ सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती आली. हातांना वल्ह्याचे घट्टे, पदर कमरेला खोचलेला. पायरीखालीच उभी राहिली.

"मास्तरानू, दोर व्हयो होतो. होडयेचो कुजलो. माझ्या घोवाचो एक तुमच्याकडे आसा."

रुक्मिणीबाईने मला माळ्यावरून काढलं आणि तिच्या हातात दिलं. तुळसाने मला ताणून बघितलं, तळहातापासून कोपरापर्यंत गुंडाळलं. जायला वळली आणि थांबली.

"एक इचारू? सा वर्सा झाली, धीर नाय झालो. तो वराडलो कित्याक नाय?"

मास्तरांकडे अशा प्रश्नांना उत्तरं असायची. भास, मन, प्रारब्ध, कितीतरी शब्द होते त्यांच्याकडे, आणि ते सगळे शुद्ध भाषेत होते. त्यांनी चष्मा काढला.

"मी हसलंय म्हणान," ते म्हणाले.

तुळसा रडली नाही. ती अगदी शांतपणे बोलली.

"घरात भियायचो तो. ढग गडगडले की माझो हात धरून बसायचो, इतको मोठो बापयमाणूस. मी कधी हसलंय नाय."

एवढं बोलून ती निघून गेली.

आता मी पुन्हा होडीत असतो. तुळसा मला रोज खाऱ्या पाण्यात बुडवून काढते, म्हणून अजून टिकून आहे. दोराची काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. दोर नवा वळता येतो. पण मित्रांनो, तुमच्यातला कुणी कधी भ्यायला, उगाच भ्यायला, अगदी दोराला भ्यायला, तरी त्याला हसू नका. त्याला ओरडू द्या. पुढच्या वेळी खरंच काही चावलं, तर त्याने तुम्हाला हाक मारायला हवी.